घरट्यावरची डहाळी

“झाडांचे फोटो कशाला काढायचे? झाडं कुठे अर्ज भरतात?”

बाबा हे अगदी मनापासून विचारत होते. बेचाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओ चालवला आणि त्या बेचाळीस वर्षांत त्यांच्या स्टुलावर जो कुणी टेकला तो कुठल्या ना कुठल्या अर्जापायीच टेकला. शाळा, नोकरी, परवाना, पासपोर्ट. माणूस बसला की बाबा त्याची कॉलर सरळ करायचे, कपाळावरची बट मागे सारायचे, दोन बोटांनी हनुवटी जरा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, “श्वास सोडा.” त्यानं श्वास सोडला की खटका. पुढे लोकांच्या हातात फोन आले, अर्ज घरबसल्या भरले जाऊ लागले, आणि दोन वर्षांपूर्वी बाबांनी शटर खाली ओढलं ते ओढलंच.

छबू त्यांची एकुलती एक. चव्वेचाळीस वर्षांची, ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणारी, पण घरात अजून छबूच. तिनं बाबांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि दोघांचीही नावं देऊन टाकली. सहा रविवार, सकाळी साडेसहापासून, गावाबाहेरच्या तलावाकाठी, झाडापाखरांचे फोटो काढायला शिकवणारा वर्ग. त्याची जाहिरात ग्रंथालयाच्या फळ्यावर लागली होती. ती टाचणीनं लावणारीही छबूच.

आई जाऊन चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून बाबा घर आवरत होते. मिठाची बरणी साखरेच्या बरणीच्या रेषेत, चपला भिंतीला समांतर, पडद्याच्या चुण्या दोन्हीकडे मोजून सारख्या. एकूण एक वस्तू त्यांनी इतक्या वेळा सरळ केली होती की आता ती वाकडी करायला तरी कुणीतरी हवं होतं. शेवटी शेजारणीनं छबूला जिन्यात गाठलं. “अगं, काल तुझे बाबा माझं पायपुसणं सरळ करत होते. मी काही बोलले नाही हो. पण त्यांना कुठेतरी ने बाई.”

हे आवरणं नवं नव्हतं. आईच्या आजारपणातही ते चालूच होतं. तिची उशी, तिची चादर, तिच्या कपाळावरचे केस. शेवटच्या आठवड्यात आईला कुणाचा हात लागलेला सोसत नव्हता, चादरीचा भारसुद्धा नको व्हायचा, आणि बाबांचा हात काही थांबत नव्हता. एका दुपारी त्यांनी तिसऱ्यांदा उशी सारखी केली आणि आईनं डोळे घट्ट मिटून घेतले, तेव्हा छबू म्हणाली, “बाबा, तिला हात लावू नका ना सारखा. जरा बाहेर बसा.” आवाज चढवला नव्हता. बाबा उठले आणि गॅलरीत जाऊन स्टुलावर बसले. चाळीस मिनिटांनी आई गेली. छबूनं त्यांना हाक मारून आत बोलावलं, ते आले, आणि त्या चाळीस मिनिटांबद्दल पुढे दोघांपैकी कुणीही अवाक्षर काढलं नाही.

शिकवणाऱ्या बाई पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना पाणवठ्यावरच्या जुन्या पंपघराच्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, “इथे जे जसं आहे ते तसंच राहणार. पान हलवायचं नाही, काडी उचलायची नाही, किड्याला फुंकर मारायची नाही. मध्ये काही आलं तर तुम्ही सरका. ते सरकणार नाही. हात कॅमेऱ्यावर, नाहीतर खिशात.”

वर्गात पाच जणं. बाप-लेक ही दोन. एक दातांचे डॉक्टर, त्यांची लेन्स कोपरापासून मनगटापर्यंत लांब. आणि एक नणंद-भावजय, ज्या एकाच कॅमेऱ्यावर शिकायला आल्या होत्या आणि तो कुणाच्या गळ्यात असावा यावरून सकाळपासून वाद घालत.

“डॉक्टर, तुमच्या त्या नळकांड्यातून उद्याचं दिसतं का हो?” भावजयीनं विचारलं.

“तुमची अक्कलदाढ दिसते,” डॉक्टर म्हणाले.

“बघा बघा,” नणंद म्हणाली, “आमच्या घरात कुणाला अजून सापडलेली नाही.”

बाबांचं नाव पहिल्या तासाभरातच पासपोर्टकाका पडलं. एक बगळा काठावर उभा होता आणि बाबा कॅमेरा डोळ्याला लावून त्याला पुटपुटत्या आवाजात सांगत होते, “मान जरा खाली. हं. श्वास सोडा.” सगळे हसले, बाबाही हसले, आणि छबूनं चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे वरचे दात पाहिले. पण जित्याची खोड. मॅडमची पाठ वळली की एखादी गोगलगाय उजेडाकडे तोंड करून बसलेली सापडायची, एखाद्या फुलाशेजारचं सुकलेलं गवत नाहीसं झालेलं असायचं. एकदा तर ते रुमालानं पान पुसत होते.

“काका, हात खिशात!”

बाबा हात खिशात घालायचे. खिशात काय आहे हे मॅडमनी विचारलं नव्हतं. खिशात होती पासपोर्ट फोटोंचे कोपरे कापायची छोटी कात्री, घडी केलेला रुमाल, आणि सकाळच्या-दुपारच्या गोळ्या ठेवायची, जुन्या फिल्मच्या रिळाची काळी डबी. या तीन वस्तूंशिवाय बाबा घराबाहेर पडत नसत. छबूला त्या तशा लहानपणापासून माहीत होत्या, म्हणूनच त्यात कात्री आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या रविवारी मॅडमनी घरटं दाखवलं.

पंपघराच्या मागच्या भिंतीलगत एक झुडूप होतं, माणसाच्या छातीएवढं. त्याच्या आत, बारीक काड्या आणि मुळ्या वळून केलेली एक वाटी, आणि तिच्यात बुलबुलाची मादी. काळी तुऱ्याची टोपी, शेपटीखाली तांबडा ठिपका. खाली तीन अंडी आहेत, असं मॅडमनी कुजबुजत सांगितलं. “एकेकानं जायचं. त्या दगडापर्यंत, पुढे नाही. एक मिनिट. आवाज नाही. आणि परत.”

अडचण अशी की घरट्याच्या बरोबर पुढे एक डहाळी आली होती, तिची तीन रुंद पानं अशी लोंबत होती की कुठूनही कॅमेरा लावा, पक्ष्याचं तोंड नेमकं झाकलं जायचं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, नणंद गुडघ्यावर बसली, भावजय तिच्या खांद्यावरून डोकावली, छबूनं डावीकडे दोन पावलं सरकून पाहिलं. कुणालाही शेपटीशिवाय फारसं काही मिळालं नाही. बाबा सगळ्यांत शेवटी गेले. बाकीचे तोवर भिंतीला वळसा घालून ओट्याकडे चहाला निघाले होते. बाबा एका मिनिटाऐवजी तीन मिनिटांनी आले. त्यांच्या चालण्यात काहीतरी होतं. पूर्वी स्टुडिओत एखादं रडकं मूल हसवून फोटो काढला की ते असे यायचे.

दहा वाजता पंपघराच्या खोलीत, पांढऱ्या भिंतीवर, सगळ्यांचे फोटो दाखवायला सुरुवात झाली. डॉक्टरांचं पान, नणंदेचं पान, छबूचं पान आणि अर्धी शेपटी. मग बाबांचा फोटो आला.

मादी पूर्ण दिसत होती. तुरा, डोळा, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, वाटीच्या कडेवर टेकलेली छाती. मागचा हिरवा रंग धुवून काढल्यासारखा मऊ. भावजय म्हणाली, “अगंबाई, ही तर बसलीय स्टुलावर!” डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, नणंदेनं वाजवल्या. छबूनंही वाजवल्या. मनात आलं, हे पाहायला आई हवी होती. आणि तेवढ्यात तिला मॅडमचा चेहरा दिसला.

मॅडमनी डॉक्टरांचा फोटो पुन्हा लावला. मग बाबांचा. मग डॉक्टरांचा.

“काका, डहाळी कुठे गेली?”

“कापली की,” बाबा म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात आनंद होता. “डोळ्यावर येत होती. अगदी नाजूक कापली, पाखराला पत्तासुद्धा नाही. उडाली जरा, पण लगेच बसली परत. मी थांबलो ना तेवढं.”

मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट झालं.

“ती तीन पानं म्हणजे तिचं छप्पर होतं, काका. तिनं जागा निवडली ती पानं बघून. आत्ता मोठ्या झाडाची सावली आहे म्हणून बरं. अकरानंतर ती सावली सरते आणि दोनपर्यंत तिथे भर ऊन असतं. उघड्यावर अंडी शिजतात. ऊन नाही लागलं तर कावळा बघतो. आणि ती घाबरून सोडून गेली, तर दोन्हींची गरजच नाही.”

बाबा भिंतीकडे बघत राहिले. आता तिथे नुसता चुना होता. “ऊन सरकतं,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हतं ते. “माझ्या लक्षातच आलं नाही. आपला दिवा... स्टुडिओत दिवा जागचा हलत नाही हो.”

हात दाखवून अवलक्षण, असं नणंद भावजयीच्या कानात म्हणाली आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

सगळे उठून भिंतीआड गेले. घड्याळात साडेदहा वाजून पाच मिनिटं झाली होती. घरटं रिकामं होतं. तीन अंडी, गुलाबीसर, तांबूस शिंतोड्यांची, दगडापासूनसुद्धा स्वच्छ दिसत होती. इतकी स्वच्छ की छबूला तिथे बघवेना. मादी समोरच्या तारेवर बसून अखंड ओरडत होती. कापलेली डहाळी खाली मातीत पडली होती, पानं माना टाकून.

“तीच बांधू या परत,” डॉक्टर म्हणाले.

“तासाभरात कोमेजेल,” मॅडम म्हणाल्या. “ताजी लागेल. पलीकडे याच जातीचं झुडूप आहे, त्याची एक. पण तीही संध्याकाळपर्यंत सुकणार, म्हणजे रोज येऊन बदलायची, रोज तिला उठवायचं. तसं केलं तर ती जाणारच.”

“पाण्यात ठेवली तर?” बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून ती काळी डबी काढली, झाकण उघडलं, आणि आतल्या गोळ्या छबूच्या ओंजळीत ओतल्या. “हिच्यात पाणी भरायचं. झाकणाला भोक, भोकातून देठ. डबी खालच्या फांदीला बांधायची. फुलदाणी असते तशी. तीन-चार दिवस पानं तरतरीत राहतील. काळी आहे, आत सावलीत दिसायचीही नाही.”

मॅडमनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. “चालेल,” त्या म्हणाल्या. “चालेल हे.”

पलीकडच्या झुडपाच्या मागच्या अंगाला बाबांनी एक डहाळी निवडली. चार रुंद पानांची. मॅडमनी मान हलवली तेव्हाच त्यांनी कात्री लावली. झाकणाला भोक पाडलं, डबी बाटलीतल्या पाण्यानं भरली, देठ आत सरकवला. बांधायला भावजयीनं केसांचं काळं रबर काढून दिलं. “माझं घ्या. हिचं चकाकतं.”

“एकानंच जायचं,” मॅडम म्हणाल्या. “दोन मिनिटांच्या वर नाही. घरट्याला, अंड्यांना स्पर्श नाही. हात स्थिर हवा. डॉक्टर, तुम्ही.”

डॉक्टर पुढे झाले. बाबांनी डहाळी त्यांच्याकडे दिली नाही. दिली नाही म्हणजे अडवली असं नव्हे. नुसती हातात राहिली. “सावली कुठे पडायला हवी ते मी...” ते म्हणाले. “ऊन आता इकडून येणार ना, मग पानं घरट्याच्या वर नकोत, जरा अलीकडे हवीत. चार बोटं अलीकडे. वर बांधली तर सावली भिंतीवर जाईल.”

“काका, सांगा त्यांना काय सांगायचं ते. पण तुम्ही नाही.” मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही आता हात लावू नका.”

छबूच्या ओंजळीत गोळ्या होत्या. पांढऱ्या सकाळच्या, पिवळ्या दुपारच्या. तिला गॅलरीतलं स्टूल दिसलं आणि त्या स्टुलावरची बाबांची पाठ. त्या दिवशी दार उघडंच होतं, आणि तिला ती पाठ पूर्ण वेळ दिसत होती. तिनं तेव्हा हाक मारली नव्हती. आई शांत झाली होती म्हणून मारली नव्हती, आणि तेव्हा तरी ते बरोबरच वाटलं होतं.

“त्यांनाच जाऊ द्या,” ती म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं.

“उजेडातलं त्यांच्याइतकं आपल्यात कुणाला कळत नाही. डॉक्टर दोनदा बांधतील, तीनदा बांधतील. ते एकदाच बांधतील.” आणि मग म्हणाली, “चुकलं तर माझ्यावर.”

“चुकलं तर तिच्यावर,” मॅडम तारेवरच्या पाखराकडे बोट दाखवून म्हणाल्या. पण बाजूला झाल्या.

बाबा गेले. दगडापर्यंत भराभर, दगडापुढे चोरपावलांनी. झुडपापाशी ते आधी नुसते उभे राहिले आणि एक हात लांब करून बोटं आकाशाला लावली. मॅडमनी पहिल्या रविवारी ते मोजमाप शिकवलं होतं, चार बोटं म्हणजे उन्हाचा एक तास. मग वाकले. त्यांची कोपरं अंगाला चिकटलेली होती. छबूनं ती कोपरं स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, फोटो धुवायचा ट्रे हलवताना पाहिली होती, पाण्यावर तरंगही उठायचा नाही अशी. रबराचे दोन वेढे. डबी दिसेनाशी झाली. पानं एकदा हलली, मग थांबली. बाबांनी एक पाऊल मागे घेऊन पाहिलं.

आता ते सारखं करतील, छबूच्या मनात आलं. आता एक पान जरा डावीकडे घेतील, मग ते जास्त झालं म्हणून उजवीकडे. बाबांचा उजवा हात अर्धा वर आला. तिथेच राहिला. मग ते वळले आणि परत आले.

“एक मिनिट चाळीस,” डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. “दवाखान्यातली माझी खुर्ची घ्या तुम्ही, काका.”

मग वाट बघणं आलं. मॅडमनी सगळ्यांना भिंतीपासून साठ पावलं लांब, एका पडक्या पायरीवर बसवलं. तिथून झुडूप दिसायचं, घरट्याची कड दुर्बिणीतूनच. अकरा वाजले. मोठ्या झाडाची सावली भिंतीवरून निसटायला लागली. एखादी चादर कुणी पायाकडून हळूहळू ओढून घ्यावी तशी. उन्हाची कड झुडपावर चढली, आणि दुर्बीण डोळ्याला लावून मॅडम म्हणाल्या, “घरटं सावलीत आहे. पानांची सावली बरोबर वर आहे.” आणि मग, “वाटीच्या मापाची.”



मादी तारेवरून उडाली आणि दिसेनाशी झाली. साडेअकरा. डॉक्टरांना एका दुखऱ्या दाढेचा फोन आला आणि ते हळहळत गेले. बाराला नणंद-भावजय उठल्या. भावजयीनं जाताना राहिलेली बिस्किटं बाबांच्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, “काका, ती येईल. बायका रागावून माहेरी जातात, पण दूध उतू जात असताना सोडून जात नाहीत.” नणंद म्हणाली, “तू गेली होतीस की.” “मी गॅस बंद करून गेले होते,” भावजय म्हणाली, आणि वाद घालत दोघी वळणाआड गेल्या.

उरले तिघं. मॅडम पुढे दुर्बीण घेऊन, बाप-लेक मागे.

“गोळी घ्या,” छबू म्हणाली. पिवळी गोळी तिनं रुमालात बांधून ठेवलेल्यांतून निवडून दिली. बाबांनी पाण्याबरोबर घेतली. तलावावरून वारा आला की झुडपातली नवी चार पानं बाकीच्या पानांसारखीच हलत होती.

“बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला बाहेर बसवलं.”

“हं.”

“मी हाक मारायला हवी होती. आधी.”

बाबांनी बिस्किटाच्या पुड्याचा कागद दुमडायला घेतला, आणि अर्धवट सोडून दिला.

“राग आला होता,” ते म्हणाले.

“अजून आहे?”

“थोडा आहे. सकाळी असतो. चहा झाला की उतरतो.” ते झुडपाकडे बघत होते. “पण तू खोटं बोलली नव्हतीस. तिला नको होतं ते, मला कळत होतं. डोळे मिटून घ्यायची ना. पण हात थांबत नव्हते माझे, छबू. मला वाटायचं, उशी नीट झाली की तिला बरं वाटेल. मग वाटायचं, अजून नीट झाली नाही म्हणून बरं वाटत नसेल.”

छबूनं मान हलवली.

“जाताना बोलली का काही?” बाबांनी विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

“नाही. एकदा गॅलरीकडे बघितलं. तुमची पाठ दिसत होती तिथून.”

“पाठच दिसली तर,” बाबा म्हणाले. आणि मग, “सदरा कुठला होता माझ्या अंगात?”

“तो चौकड्यांचा. निळा.”

“मागून चुरगळलेला असणार,” बाबा म्हणाले आणि त्यांना हसू आलं. छबूलाही आलं. ते हसू काही फार टिकलं नाही, पण दोघांनीही ते लपवलं नाही.

“आली,” मॅडम पुढून म्हणाल्या.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मादी झुडपाच्या शेंड्यावर येऊन बसली. मान इकडे, मान तिकडे. तुरा ताठ. एक फांदी खाली उतरली, नव्या डहाळीच्या देठाजवळ. तिथे ती बराच वेळ थांबली. मग भुर्रकन उडून गेली.

मॅडमनी दुर्बीण खाली केली नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले.

पाच मिनिटं. सात. मग ती पुन्हा शेंड्यावर, पुन्हा देठाजवळ. देठाला एकदा चोच लावून पाहिली, आणि एखादी बाई आपल्याच घरात कुणी काय काय हलवून ठेवलंय ते बघत आत शिरावी तशी शिरली. पानं हलली आणि स्थिर झाली.

“बसली?” बाबांनी विचारलं.

मॅडमनी दुर्बीण त्यांच्याकडे दिली. त्यांनी बराच वेळ लावून पाहिलं, मग छबूकडे दिली. छबूनं पाहिलं. झुडूप होतं, उन्हातली पानं होती. त्यांच्याआड घरट्यात काय आहे ते कळायला काही मार्ग नव्हता.

“काही दिसत नाही,” ती म्हणाली.

“नाहीच दिसत,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात सकाळचा तो आनंद नव्हता, पण आवाज भरलेला होता.

मॅडम उठल्या, कपडे झटकले. “दर तीन दिवसांनी पाणी घालायचं, पानं माना टाकत असतील तर डहाळी नवी. ती चारा टिपायला गेली असेल तेव्हाच. काका, तुम्ही घालायचं. मी असताना.” मग जरा अवघडून म्हणाल्या, “आणि तो फोटो चांगला आहे. म्हणूनच तो मी कुणाला दाखवणार नाही, बघून उद्या दुसरं कुणी कात्री काढेल. तुम्हीही दाखवू नका.”

बाबांनी तिथेच पायरीवर बसून तो पुसून टाकला. कसा पुसायचा ते त्यांना येत नव्हतं. छबूला विचारून, चष्मा वर करून, दोनदा खात्री करून पुसला.

त्यानंतर बाबा दर तीन दिवसांनी तलावावर जायचे. छबूला ग्रंथालयातून सुटता आलं नाही तर एकटेच जायचे, बस पकडून. मॅडम पंपघरापाशी भेटायच्या. घरात पडद्याच्या चुण्या पूर्वीसारख्या सारख्या राहात नव्हत्या. शेजारीण जिन्यात म्हणाली, “हल्ली दिसत नाहीत गं तुझे बाबा, बरे आहेत ना?”

पाचव्या रविवारी दोन पिल्लं होती. नुसती लाल तोंडं. वर्ग संपला त्या सहाव्या रविवारी त्यांना पिसं फुटली होती, आणि पुढच्या गुरुवारी मॅडमचा फोन आला की उडाली. त्या आठवड्याच्या रविवारी बाप-लेक दोघंच गेले. आता जवळ जायला हरकत नव्हती. बाबांनी रबर सोडून डबी काढली, पाणी झुडपाच्या बुडाशी ओतलं. घरट्याची वाटी पिल्लांच्या पायांनी तुडवून चपटी झाली होती. तिच्या एका कडेला तिसरं अंडं तसंच होतं. न फुटलेलं, रंग उडालेलं.

मॅडमनी फोनवर तेही सांगितलं होतं. एखादं राहतंच, म्हणाल्या होत्या. निम्म्या घरट्यांत राहतं. त्या दिवशीच्या उन्हाचा संबंध असेलच असं नाही.

बाबा वाकून बघत होते. पाठीमागे हात बांधले होते.

“मॅडम म्हणतात असं होतं,” ते म्हणाले.

“हं.”

“तुला काय वाटतं?”

छबू शेजारी येऊन वाकली. अंड्यावर तांबूस शिंतोडे अजून होते, जरा फिकट. नाही हो बाबा, तुमच्यामुळे नाही, हे वाक्य तोंडाशी तयार होतं, आणि बाबांनी ते मानून घेतलंही असतं.

“मला माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. एकदा, मग सावकाश आणखी एकदा. मोठ्या झाडाची सावली भिंतीवरून निघाली होती, आणि उन्हाची कड त्यांच्या चपलांपर्यंत आली होती.

“चल,” ते म्हणाले, “ऊन आलं.”